विमलच्या पदरावरचं शेवटचं अक्षर

अक्का, परवा तुमचा दहावा झाला. माहुलीच्या घाटावरून माणसं परतली आणि तुमच्या ओट्यावर आम्ही बायका बसलो. चहा झाला, मग तुमच्या हाताचं कौतुक सुरू झालं. एकीच्या चोळीवरचा वेल तुम्ही असा उसवून काढला होता की कापड नुकतंच ताग्यातून फाडून आणल्यासारखं दिसत होतं. एकीच्या दिराच्या फौजी कोटावरच्या फिती तुम्ही काढल्या, तर त्या कुठं होत्या ते त्याचं त्यालाच सापडेना. मग कुणीतरी हळहळून म्हणालं, "पण शेवटाला डोळ्यांनी दगा दिला बाई. ती आष्ट्याची साडी फाटली, तवापास्नं अक्कांनी कशाला हात लावला न्हाई." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण साडी माझ्या दुकानातली. मी मान हलवली.

तुम्ही गेल्यावरसुद्धा मी मान हलवली, अक्का. चार वर्षांपूर्वी तुमच्या तोंडावर खोटं बोलले होते, परवा तुमच्या माघारी बोलले. म्हणून हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जिवंतपणी वाचता येत नव्हतं, तेव्हा हे तुमच्यापर्यंत कसं पोचणार ते मला ठाऊक नाही. पण लिहिल्याशिवाय आता मला राहवत नाही.

दुष्काळाच्या साली तुम्ही जतकडून मुलगा आणि सुनेबरोबर साताऱ्यात आलात. मेंढरं संपली होती. मुलगा इथं कारखान्यात लागला आणि तुम्ही काम शोधत राजवाड्याजवळच्या माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिलात. मी विचारलं, "शिवता येतं का?"

"न्हाई. उसवता येतंय."

मी हसले. शिवणाच्या दुकानात उसवायला कुणी माणूस ठेवतं का, असं काहीतरी बोललेही. मी सांगलीला शिवणाचा कोर्स केलेली बाई, सर्टिफिकेट काचेत घालून मशीनच्या वर टांगलेलं. तुम्ही रागावला नाहीत. समोर एका ब्लाउजवर साखळी टाक्याचा मोर होता, गिऱ्हाइकाला तो नको होता, आणि मी तास दीड तास सुईनं एकेक कडी उचलत बसले होते. तुम्ही ब्लाउज उलटा केला, बोटानं चाचपत दोऱ्याचं शेवटचं टोक शोधलं, कात्रीनं एक गाठ कापली आणि दोरा ओढला. अख्खा मोर सरसर निघून तुमच्या मांडीवर पडला. "साखळीला हत्यार लागत न्हाई," तुम्ही म्हणालात. "शेवट कुठं केलाय तेवढं गावलं पायजे." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पायरीच्या आत, उजेडाच्या बाजूला बसायला लागलात.

तुमच्या पत्र्याच्या डबीत काय काय होतं ते मला अजून क्रमानं आठवतं. बाभळीचा एक लांब काटा, तेल पाजून पाजून काळा गुळगुळीत झालेला. लाकडी मुठीत ठोकलेली एक बोथट सुई. वाकड्या टोकाची लहान कात्री. पायातला काटा काढायचा चिमटा. आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. काट्याची हकिकत तुम्ही एकदा सांगितली होती. मेंढरांच्या लोकरीत गोखरूचं काटेरी फळ अडकतं, ते ओढलं तर लोकर तुटते आणि कापलं तर वाया जाते, म्हणून तुमच्यात लहानपणापासून काट्यानं सोडवायला शिकवतात. "काटा कापत न्हाई, निस्ता वाट करतो," असं तुम्ही म्हणायचात. मला तेव्हा ते अडाणीपणाचं वाटायचं.

कुठलंही कापड आलं की तुम्ही आधी डबी उघडायचा नाहीत. कापड उलटं करायचं, उजेडाला धरायचं, एक कोपरा ओला करून चोळून बघायचा. "आधी कापडाला इचार, मग हत्यार उचल." जुनं, धुऊन धुऊन विरलेलं असलं तर फक्त काटा. मशीनचं भरतकाम असलं तर मागच्या बाजूनं खालचा दोरा तेवढा मधे मधे कापायचा, वरचा आपोआप सुटतो. गाठीचे टाके असले तर मुठीची सुई, एकेक गाठ सैल करत. हातानं भरलेली दाट फुलं असली तर मागून कात्रीनं फुलाच्या मधोमध कापायचं, कडेला नाही, आणि मग पुढून काट्यानं उचलायचं. ब्लेड फक्त फौजी कोटांसाठी, जिथं लोकरीचं कापड चांगलं जाड असतं. शेवटी कणकेचा ओला गोळा फिरवून दोऱ्याचा भुगा टिपायचा, सुईची भोकं ओल्या फडक्यानं आणि नखानं चोळून बुजवायची, आणि उलट्या बाजूनं कोमट इस्त्री. हे सगळं मी आज घडाघडा लिहिते आहे, पण तेव्हा मी यातलं काही मन लावून ऐकलं नव्हतं.

मी उतावळी. तुम्ही मला तोंडावर सांगायचात, "सुमे, तुला लय घाई. घाईनं शिवल्यालं उसवता येतं, घाईनं उसवल्यालं काय करशील?" मला राग यायचा, कारण तुमचं बरोबर असायचं. आणि तरी, अक्का, मला विषमज्वर झाला तेव्हा महिनाभर माझं दुकान तुम्हीच उघडलंत. रोज झाडून, मशीनवरची चादर झटकून बसायचात, आलेल्या गिऱ्हाइकाचं माप सुतळीला गाठी मारून लक्षात ठेवायचात. मी उठले तेव्हा भिंतीच्या खिळ्याला अकरा सुतळ्या लटकत होत्या आणि कुठली कुणाची ते तुम्हाला सगळं तोंडपाठ होतं. त्या बाईशी मी पुढे खोटं वागले.

पुण्याला मशीनचं सामान आणायला गेले तेव्हा एका दुकानात मला ते नवं हत्यार दिसलं. दोन टोकांचं, एक टोक अणकुचीदार, दुसऱ्यावर लाल मणी, आणि दोन्हींच्या बेचक्यात धार. टाक्याखाली घालायचं आणि पुढं रेटायचं, शिवण फटाफट उसवते. मी ते मिरवत आणलं. तुम्ही हातात घेऊन बराच वेळ बघितलं. "शिवणीला लय चांगलं हाय," म्हणालात. "भरतकामाला नगं. दाट टाक्यात ह्याला खाली कापाड हाय का दोरा, ते कळायचं न्हाई. रेटलं की जातंय पुढं."

"अक्का, साऱ्या जगात लोक हेच वापरतात," मी म्हणाले.

"वापरू द्यात. आपण नगं."

त्यावरून आपलं दोन-तीन आठवडे चाललं होतं. मी मुद्दाम तुमच्यासमोर त्या हत्यारानं परकरांच्या शिवणी उसवायची आणि तुमच्याकडे बघायची. तुम्ही काही बोलायचा नाहीत, तेच मला जास्त लागायचं.

अशात विमलची आई आष्ट्याहून साडी घेऊन आली. विमलच्या भावानं, तो फौजेत होता, तिच्यासाठी पाठवलेली फिकट अबोली रेशमी साडी. सुपारी फुटल्यावर विमलनं पदरावर वेल भरला होता आणि वेलाच्या पानाफुलांत त्या मुलाचं नाव गुंफलं होतं, आपल्याकडे हौशी मुली करतात तसं. मग त्या लोकांनी मोडलं. आता दुसरीकडे जमलं होतं, आणि लग्नाला रजेवर येणाऱ्या भावानं लिहिलं होतं की मी दिलेलीच साडी नेस. पदरावर आधीच्या माणसाचं नाव घेऊन पोरगी नव्या सासरच्यांपुढे कशी उभी राहणार? विमलच्या आईनं साडी तुमच्याच मांडीवर ठेवली. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तुम्हाला वाचता येत नाही, आणि तिला तेच हवं होतं. "नाव कुणाच्या तोंडी जाया नगं," ती म्हणाली. मला वाचता येत होतं. ते नाव मी कधी उच्चारलं नाही, एवढंच एक त्या साडीच्या बाबतीत माझं बरं आहे.

तुम्ही चार दिवस मागून घेतलेत. अक्षर कुठलं ते न कळता तुम्ही एकेक अक्षर पदरावरून पुसून टाकत होतात आणि नुसती पानं शिल्लक ठेवत होतात, म्हणजे वेल वेलच राहील. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकच अक्षर उरलं. ते विमलनं दुहेरी दोऱ्यानं, गच्च भरलं होतं. त्यावरून बोट फिरवत तुम्ही म्हणालात, "पोरीनं हे लय मायेनं भरलंय. ह्याला उद्या सकाळी बसते, ताज्या डोळ्यांनी." मधेच एका फौजीचा कोट आला, त्याच्या फिती तुम्ही ब्लेडनं काढून दिल्यात आणि घरी गेलात.

दुकानात मी एकटी होते. साडी तुमच्या जागेवर घडी घालून ठेवलेली. मला वाटलं, अक्कांच्या उद्याच्या सकाळचं काम मी आता पाच मिनिटांत करून दाखवते. सकाळी तुम्ही याल, अक्षर गेलेलं असेल, आणि मी म्हणेन, बघा, तुम्ही ज्याला नगं म्हणत होतात त्यानंच काढलं. दुसरं काहीही कारण नव्हतं. मी लाल मणी टाक्याखाली घातला आणि रेटला. दोन वेळा चांगलं कापलं गेलं. तिसऱ्या वेळी हत्यार सहज पुढे गेलं, फार सहज. मी थांबले तेव्हा पदराला दोन बोटं लांब चीर पडली होती.

मी ती चीर आत दडेल अशी घडी घातली आणि साडी होती तशी तुमच्या जागेवर ठेवली. घडी अगदी सफाईनं घातली, हेही सांगून टाकते.

सकाळी तुम्ही घडी उलगडलीत. चिरेवरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, "सुमे, हे कवा झालं?" तेव्हा सांगायला हवं होतं. तुम्ही दोन शब्द बोलला असतात आणि मग दोघी मिळून रफू करायला बसलो असतो, तुम्हाला मी तेवढं ओळखत होते. पण माझ्या तोंडातून निघालं, "काल तुम्ही ब्लेड काढलं होतं ना, अक्का? मला वाटलं कोटासाठी. मग तुम्ही साडी पण घेतली होती."

"मी? साडीला बिलेड?"

"मी पाहिलं," मी म्हणाले.

तुम्ही डबीतून ब्लेड काढून उजेडाला धरलंत. मग चीर बघितलीत. धारेचीच चीर होती, काट्याची नव्हती, हे तुम्हाला लगेच कळलं. तुमच्या चेहऱ्यावर मला राग दिसेल अशी भीती होती. दिसलं ते वेगळंच. तुम्ही आठवत होतात. कालचा दिवस एकेक करून आठवत होतात आणि त्यात जे नव्हतंच ते शोधत होतात. शेवटी म्हणालात, "आसंल. मला आठवत न्हाई बग."

विमलची आई आली तेव्हा मी काही बोलण्याआधी तुम्हीच पुढे झालात. "माझ्या हातनं फाटलं," म्हणालात. ती बाई वाईट नव्हती, पण तिच्या पोटात पोरीची काळजी होती. "दिसत नव्हतं तर घ्यायचं न्हाई काम. वय झालं तुमचं," ती म्हणाली आणि साडी काखेत मारून निघून गेली. मी कैचीला धार लावत होते. ती कैची आदल्याच दिवशी धार लावून आणलेली होती.

त्या दिवसापासून तुम्ही उसवायला बसला नाहीत. मी दोनदा काम पुढे केलं, तुम्ही हात मागे घेतलेत. मला वाटलं, चार दिवसांनी विसराल. पण मी तुमच्याकडून एक साडी काढून घेतली नव्हती, अक्का. तुमची सून शांता बाजारात भेटली की सांगायची. सासूबाई आता भाजीत मीठ घालत नाहीत, घातलं की नाही ते आठवणार नाही म्हणून. स्टोव्हला हात लावत नाहीत. नातवाला अंघोळ घालायची तर पाणी किती गरम आहे ते सुनेला विचारतात. ज्या बाईला अकरा गिऱ्हाइकांची मापं सुतळीच्या गाठींवर पाठ होती, ती स्वतःच्या हाताला घाबरायला लागली. शांता म्हणायची, वय. मी म्हणायची, हो, वय.

तरी तुम्ही गुरुवारी दुकानाच्या पायरीवर यायचात. चहा प्यायचात, गल्लीतलं सांगायचात, माझ्या पोरांना काय हवं नको विचारायचात. मी तुमच्याशी पहिल्यापेक्षा गोड वागत होते. तुम्हाला त्याचं बरं वाटायचं, आणि मला ते बघवायचं नाही.

मग शाळेत डोळ्यांचं शिबिर झालं. शांतानं तुम्हाला नेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही वार नसताना दुकानात आलात, पायरीवर बसलात आणि म्हणालात, "डाक्तर म्हणला, आजी, डोळं लय झ्याक हायत तुमचं. मोतीबिंदू न्हाई, काय न्हाई. सुईत दोरा ववून दावला मी त्यास्नी." तुम्ही हसत नव्हतात. माझ्याकडे बघत होतात. "मग ते तसं कसं झालं गं, सुमे?"

अक्का, ती दुपार माझ्या आयुष्यातून काढून टाकता आली तर मी काहीही देईन. दुकानात कुणी नव्हतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. तुम्ही मला सरळ विचारलं होतं, आणि उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुमच्यावर आळ घेतला तेव्हा मी घाबरलेली होते असं तरी म्हणता येईल. त्या दुपारी मला कुणाची भीती नव्हती. मी म्हणाले, "होतं कधी कधी, अक्का."

तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, "डोळं चांगलं हायत, म्हंजी डोस्कंच गेलं म्हणायचं माझं." आणि उठून गेलात. त्यानंतर गुरुवार चुकायला लागले.

तुमच्या आजारपणात मी तीनदा आले. तिन्ही वेळा ठरवून आले होते. पहिल्यांदा शांता उशाशी होती. दुसऱ्यांदा तुम्हाला झोप लागली होती. तिसऱ्यांदा तुम्ही जाग्या होतात, एकट्या होतात, माझा हात तुमच्या हातात होता, आणि मी पाऊस-पाण्याचं बोलले. कारणं संपली होती, तरी बोलले नाही.

आणखी एक सांगायचं आहे, ते सगळ्यात लाजिरवाणं. ते पुण्याचं हत्यार मी भरतकामाला पुन्हा लावलं नाही. तुम्ही सांगितलेलं एकेक मी करायला लागले, कापड उलटं करणं, उजेडाला धरणं, बाभळीचा काटा, कणकेचा गोळा. आता कराडहून, वाईहून बायका उसवायला कपडे घेऊन येतात आणि म्हणतात, अक्कांचा हात सुमनबाईंनी उचलला. मी नाही म्हणत नाही. तुम्ही मला जे दिलंत त्यावर माझं नाव झालं, आणि तुमचं नाव काय झालं ते परवा ओट्यावर मी ऐकलं.

म्हणून काल मी आष्ट्याला गेले. कराड, इस्लामपूर करत दुपारी पोचले. विमलच्या आईला ओळख पटायला वेळ लागला. विमल सासरी सुखात आहे म्हणाली, दोन मुलं आहेत. तुम्ही गेल्याचं सांगितलं तेव्हा तिनं पदर डोळ्यांना लावला. मला नवल वाटलं. दोनदा दुकानात बघितलेल्या बाईसाठी कुणी डोळे पुसत नाही.

"लय भली बाई," ती म्हणाली. "पोरीच्या हळदीच्या आदल्या दिवशी आलती हितं. एकटी. यष्टीची पाटी वाचता येत नव्हती, इचारत इचारत आली म्हणली. मी तवा दुकानात वाकडं बोलले हुते, मला वाटलं भांडायला आली. तर तिनं विमलला हाक मारली आन् सरळ तिच्या पायावर डोकं ठिवलं. पोरगी रडाया लागली, म्हातारं माणूस पाया पडलं, मला पाप लागंल म्हणून. तर म्हणती कशी, तुझ्या भावाची साडी माझ्या हातानं फाटली, पोरी. मला आठवत न्हाई, पर माझ्याच हातानं. जेवून जा म्हणलं, तर पाणीसुदीक घेतलं न्हाई."

अक्का, तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत. एवढ्या गुरुवारी पायरीवर बसून गेलात आणि सांगितलं नाहीत.

मी ओसरीवर बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. लाल मण्याचं हत्यार, रिकामं दुकान, घडी, ब्लेड, सगळं. माझा आवाज इतका लहान झाला होता की विमलच्या आईला पुढे वाकून ऐकावं लागलं. ऐकून झाल्यावर ती ओरडली नाही.

"मग ती म्हातारी कशाला आलती?" तिनं विचारलं.

"मी तिला सांगितलं होतं, तिनंच फाडली म्हणून."

"आन् तिला पटलं?"

"पटलं," मी म्हणाले. "तिला वाटलं, सुमी खोटं कशाला बोलेल."